अलॉय व्हील, नवे टायर आणि मीटरमधला पिवळा दिवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टायरच्या दुकानात अलॉय बघायला येणारा माणूस आधी डिझाइन बघतो, मग किंमत विचारतो. बाकीचे प्रश्न त्याला पडतात ते गाडी घरी नेल्यावर: स्टिअरिंग थरथरतं, वळताना चाक घासतं, मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो. हे प्रश्न पैसे देण्याआधी पडावेत म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत. उदाहरणाला स्विफ्ट घेतली आहे, कारण ती गल्लोगल्ली दिसते आणि तिची मापं आम्हाला पाठ आहेत. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

टायरवर १८५/६५ आर१५ ८८एच असं लिहिलंय. त्याचा अर्थ काय?

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास, इंचात. त्यापुढचा ८८ हा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच: हा टायर योग्य हवेवर ५६० किलो वजन पेलू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतच्या वेगासाठी बनवलेला. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०.

१५ इंची काढून १६ किंवा १७ इंची बसवता येतील का?

येतील, पण टायरसकट चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. रिम मोठी केली की टायरची भिंत तेवढी कमी करायची, हा साधा नियम.

हिशेब घरी करता येतो. रिमच्या इंचांना २५.४ ने गुणा आणि त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवा. १८५/६५ आर१५ चा व्यास येतो ६२१.५ मिमी. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला येणारा १६५/८० आर१४ करून बघा, ६१९.६ येतो. १९५/५५ आर१६ केला तर ६२०.९. तिन्ही दिसायला वेगळे, पण रस्त्यावर एका फेरीत जवळजवळ सारखंच अंतर कापतात. म्हणून १५ वरून १६ वर जाताना १९५/५५ हे माप व्यासाच्या हिशेबात चोख बसतं.

आता उलट उदाहरण. काही जण रिम तीच ठेवून ‘जरा भरीव दिसू दे’ म्हणून १९५/६५ आर१५ मागतात. त्याचा व्यास ६३४.५ मिमी, म्हणजे २ टक्के जास्त. काटा १०० दाखवतो तेव्हा मूळ टायरपेक्षा गाडी २ टक्के जोरात पळत असते. चाकाच्या कमानीतली जागाही दोन्हीकडून कमी होते. धंद्यात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. आम्ही २ च्या पुढे जात नाही.

१७ इंचीचं काय? २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६.३ येतो, म्हणजे आकड्यात बसतो. पण भिंत उरते ९२ मिमी, आणि या मापाच्या साध्या टायरचा भार निर्देशांक ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. मूळ टायर ५६० किलोचा होता. पाच माणसं आणि डिकी भरून गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीला हा फरक परवडत नाही. बसवायचाच असेल तर एक्सएल, म्हणजे जादा भाराचा ८८ वाला टायर शोधा. आणि आपल्याकडचे खड्डे बघता स्विफ्टएवढ्या गाडीला १६ च्या पुढे जाऊच नये, असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, त्यात आमची विक्री गेली तरी.

पीसीडी, सेंटर बोअर, ऑफसेट: दुकानदार हे शब्द फेकतो. नक्की काय बघायचं?

पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टचा ४ बाय १००, म्हणजे चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर. इथे तडजोड नाही. बाजारात आठ भोकांचे अलॉय मिळतात, त्यात चार भोकं एका पीसीडीची आणि चार दुसऱ्या पीसीडीची असतात. ते चालतात, पण बसवताना योग्य चार भोकं वापरली का, हे उभं राहून बघा.

सेंटर बोअर म्हणजे चाकाच्या मधलं भोक. स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, ५४.१ मिमीचं लागतं. बाहेरचे अलॉय एकाच साच्यातून अनेक गाड्यांसाठी काढलेले असल्यामुळे हे भोक बहुधा मोठं असतं. मग चाक हबवर नीट न बसता फक्त नटांच्या आधाराने राहतं, थोडंसं मध्यापासून सरकतं आणि ८०–९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. माणूस तीनदा बॅलन्सिंग करून घेतो, तरी थरथर जात नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: हब रिंग. बाहेरचं माप अलॉयच्या भोकाएवढं आणि आतलं ५४.१, अशी प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग. अलॉय घेताना ती मागून घ्या. ‘लागत नाही’ असं दुकानदार म्हणाला तर चाक नटांशिवाय हबवर ठेवून दाखवायला सांगा.

ऑफसेट हे खरं अवघड प्रकरण. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी पाठ किती बाहेरच्या बाजूला आहे, ते ईटी या आकड्यात सांगतात. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा मूळ रिम ५.५ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. नवीन रिम ६.५ इंच आणि ईटी ४०. एक इंच जास्त रुंदीमुळे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढले, ऑफसेटमुळे चाक आणखी ५ मिमी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड १७.७ मिमी पुढे आली आणि आतली कड ७.७ मिमी सस्पेन्शनकडे गेली. कमान आणि शॉकअपजवळची जागा मोजल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही. शिवाय चाक जितकं बाहेर, तितका व्हील बेअरिंगवर ताण जास्त.

बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागे तीन माणसं बसवा आणि एका स्पीड ब्रेकरवरून सावकाश न्या. घासल्याचा आवाज तिथेच येईल. अलॉय परत करता येतो तो त्याच दिवशी. टायरवर माती लागल्यावर कोणी घेत नाही.

स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मधली चकती, टाकून ऑफसेट जमवून घेतला तर?

नको. चुकीच्या ऑफसेटचा अलॉय परत करा.

लोखंडी रिमचे जुने नट चालतील का?

नटाची बसायची बाजू आणि अलॉयच्या भोकाची बाजू एकाच आकाराची असेल तरच. बाहेरचे बहुतेक अलॉय ६० अंशांच्या निमुळत्या नटासाठी असतात. काही कंपन्यांचे मूळ नट गोल बुडाचे किंवा सपाट वॉशरचे असतात, ते निमुळत्या भोकात नुसते कडेवर टेकतात. घट्ट वाटतात आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतात. आटेही बघा: मारुतीला १२ बाय १.२५ (स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, १२ मिमी जाड आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी), ह्युंदाईला १२ बाय १.५. हाताने नट किमान सहा-सात आटे सहज गेला पाहिजे. दोन आट्यांत अडकला आणि पोराने इम्पॅक्ट गन लावली, तर स्टडचे आटे गेलेच समजा.

नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे आणि शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, करायचा. किती टॉर्क, ते गाडीच्या पुस्तकात असतं. साधारण ५० ते १०० किमी चालवल्यावर पुन्हा तपासून घ्या. अलॉयवरचा रंग दबला की नट किंचित सैल पडतात. बहुतेक दुकानं हे फुकट करून देतात, लोकच परत येत नाहीत.

अलॉय चांगला आहे हे बघून कळतं का?

पूर्ण नाही. आतल्या बाजूला भाराचा आकडा, माप, ऑफसेट आणि कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत असायला हवं. जपानी मानकाचे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे शिक्के बऱ्याच अलॉयवर असतात, पण शिक्का खोटाही मारता येतो, म्हणून बिल आणि वॉरंटी देणाऱ्या दुकानातूनच घ्या. दोन रिम मिळून पेलतील ते वजन गाडीच्या एका अॅक्सलच्या भारापेक्षा कमी नको, हे पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. वापरलेला, नव्याने रंगवलेला अलॉय तर आम्ही विकतही नाही आणि बसवूनही देत नाही. रंगाखाली वेल्डिंग लपतं.

खड्ड्यात अलॉय वाकला. ठोकून सरळ करू का?

आतल्या कडेला थोडी वाक असेल, तडा नसेल, तर प्रेसवर सरळ करता येते. तडा गेला असेल, विशेषतः आऱ्याजवळ, तर वेल्डिंग करून पुन्हा गाडीला लावू नका. तापवल्याने अॅल्युमिनियमचा मूळचा कणखरपणा जातो, आणि तो गेलाय हे वरून दिसत नाही. लोखंडी रिम वाकते, ओतीव अलॉय तुटतो. टायरला बाजूने फुगा आला असेल तर आतले दोर तुटलेत. तो टायर त्याच दिवशी काढा.

हे सगळं कायद्यात बसतं का? इन्शुरन्सचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने परवानगीबाहेर केलेल्या प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सगळ्यात सुरक्षित वाट ही: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जे माप देते, तेच घ्या. कमानीच्या बाहेर आलेले टायर तर कोणालाही लांबूनच दिसतात.

इन्शुरन्स कंपनीला अलॉयबद्दल लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. थोडा प्रीमियम वाढतो, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेयरला नवीन काही सापडत नाही.

रुंद टायरने पावसात पकड वाढते ना?

कोरड्या रस्त्यावर थोडी वाढते. साचलेल्या पाण्यात उलट होतं: रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो लवकर पाण्यावर तरंगतो. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीत जाणाऱ्यांनी रुंदीपेक्षा नक्षीकडे बघावं. कायद्याने कारच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीच्या खाली जाता कामा नये. जूनच्या आधी ३ मिमीही नसेल, तर आम्ही टायर बदलायला सांगतो.

नवीन मापाच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची?

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने लिहिलेली. नव्या टायरचा भार निर्देशांक जुन्याइतकाच किंवा थोडा जास्त असेल तर तोच आकडा. एक्सएल टायर असेल तर तेवढाच भार पेलायला थोडी जास्त हवा लागते, टायर कंपनीच्या तक्त्यात ती सापडते. टायरच्या भिंतीवर लिहिलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

हवा टायर थंड असताना बघायची. पंपावर रांगेत उभं राहून पोचल्यावर पोरगा विचारतो, ‘साहेब, किती टाकू?’ आणि आपण सांगतो, ‘टाक बत्तीस.’ तोपर्यंत गाडी दहा किलोमीटर पळून टायर तापलेले असतात. चालवल्याने दाब सहज ३ ते ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो. म्हणजे त्याने ३२ वर थांबवलं तर सकाळी २८ भरतो. घरी दोन-तीन हजारांचा छोटा कंप्रेसर ठेवा, हा आमचा सगळ्यांना आग्रह आहे.

एक समज मात्र मोडायलाच हवा. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून लोक हवा कमी ठेवतात. नागपूर–जळगावकडे हे फार बघायला मिळतं. टायर तापतो तो कमी हवेमुळे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकण्याने उष्णता तयार होते, रबर आणि दोर सुटायला लागतात. समृद्धी महामार्गावर काँक्रिटवरून तासन्‌तास १२० ने जाताना ही उष्णता निघून जायला वेळच मिळत नाही. २५ पीएसआयवर समृद्धीला चढणं हा मोठा धोका आहे. जुने टायर असतील तर आणखी. भिंतीवरच्या लंबगोलातले चार आकडे वाचा: २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला टायर.

नायट्रोजन भरावा का?

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने दाब थोडा सावकाश उतरतो, ओलावा कमी राहतो. भरला तर तोटा नाही. पण नायट्रोजन नाही मिळाला म्हणून कमी हवेवर गाडी चालवणारे लोक आहेत, ते चूक करतात. दोन्ही मिसळलेले चालतात.

टीपीएमएस म्हणजे काय? माझ्या गाडीत कोणता आहे?

टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला आणि २००८ च्या मॉडेलपासून ती सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला. भारतात सगळ्या गाड्यांना सक्ती नाही, पण वरच्या व्हेरिएंटमध्ये ती येते.

प्रकार दोन. पहिल्यात प्रत्येक चाकाच्या आत व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो आणि मीटरमध्ये चारही टायरचे आकडे दिसतात. दुसऱ्यात सेन्सर नसतोच. एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) चाकाचा वेग मोजणारे सेन्सर वापरतात: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त वेगाने फिरतं, आणि गाडी तो फरक पकडते. आकडे न दिसता नुसता दिवा लागत असेल आणि मेनूमध्ये रीसेटची सोय असेल, तर बहुधा हा दुसरा.

दुसऱ्या प्रकाराची मर्यादा लक्षात ठेवा. चारही टायरची हवा सारखीच उतरली तर त्याला उशिरा कळतं किंवा कळतच नाही. आणि कमी हवा असतानाच रीसेट केलंत तर तो तीच हवा बरोबर धरून चालतो. आधी हवा भरा, मग रीसेट.

नवे अलॉय घातले तर सेन्सरचं काय होतं?

दुसरा प्रकार असेल तर काहीच नाही. व्यास तोच ठेवला असेल तर हवा भरून रीसेट करा, झालं.

चाकाच्या आतला सेन्सर असेल तर काम जपून करायचं आहे. तो जुन्या रिममधून काढून नव्या रिममध्ये लावता येतो. नवीन रबर सील, नट आणि व्हॉल्व्हची पिन टाकायची. धातूचा व्हॉल्व्ह असेल तर निकेल मुलामा दिलेलीच पिन हवी. साधी पितळी पिन अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये कोकणच्या दमट हवेत गंजून अशी चिकटते की व्हॉल्व्हच बदलावा लागतो. अलॉयच्या भोकाजवळ सेन्सर टेकायला सपाट जागा आहे का, हे टायर चढवण्याआधी बघून घ्या.

कामाला सुरुवात होण्याआधी कारागिराला स्पष्ट सांगा: ‘दादा, आत सेन्सर आहे.’ टायरची कड रिमपासून सोडवणारं मशीनचं पातं व्हॉल्व्हजवळ लावलं तर सेन्सरचे तुकडे होतात. ते व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला लावायचं. पंक्चर काढतानाही हेच. बाटलीतलं सीलंट सेन्सरचं छिद्र बुजवू शकतं. ते वापरलं असेल तर टायर उघडल्यावर सेन्सर पुसून घ्या.

हवा बरोबर आहे, तरी पिवळा दिवा का लागतो?

दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो का, ते बघा. बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेच्या बिघाडाचा इशारा असतो: सेन्सरची बॅटरी संपली, सेन्सर फुटला किंवा गाडीला नवा सेन्सर ओळखता येत नाही. बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते आणि ती बदलता येत नाही, अख्खा सेन्सर घ्यावा लागतो.

थंडीत सकाळी दिवा लागून दुपारी विझतो, हे दोष नसून पदार्थविज्ञान आहे. तापमान १० अंशांनी उतरलं की ३३ पीएसआयच्या टायरचा दाब दीडएक पीएसआयने उतरतो. मुंबईत हवा भरून महाबळेश्वरला गेलात तर गार हवेने दाब उतरतो, पण उंचीवर बाहेरची हवा विरळ म्हणून गेज दोनेक पीएसआय जास्तच दाखवतो. दोन्ही मिळून फरक थोडाच दिसतो.

आणि दिवा न लागणं म्हणजे हवा बरोबर असणं नव्हे. अमेरिकी नियमात दिवा लागायची मर्यादा २५ टक्के कमी हवेची आहे. ३३ पीएसआयच्या टायरला ती २५ च्या खाली येते. महिन्यातून एकदा गेज लावाच.

बाहेरून बसवायचा टीपीएमएस घ्यावा का?

घ्यावा, आतल्या सेन्सरचा. व्हॉल्व्हवर टोपीसारखे लावायचे सेन्सर सोपे आहेत, पण त्यांच्या वजनाने वेगात रबरी व्हॉल्व्ह वाकत राहतो आणि बुडाशी चिरतो. तेच घ्यायचे असतील तर आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवा.

मुलगी अमेरिकेत असते. हिवाळी टायरचा वेगळा संच घेतला तर सेन्सर लागतात का?

घेतलेले बरे. सेन्सर नसतील तर हिवाळाभर दिवा पेटलेला राहतो, आणि खरंच पंक्चर झालं तरी कळत नाही. स्वतंत्र रिमवर सेन्सरसकट संच घेतला की दर मोसमात टायर उतरवावे लागत नाहीत. युरोपात असाल तर बंद पडलेल्या यंत्रणेमुळे गाडी तपासणीत नापासही होऊ शकते.

स्टेपनी जुनी लोखंडीच ठेवली तर चालते का?

एकूण व्यास सारखा असेल तर चालते, पण लोखंडी रिमचे नट वेगळे असतील तर तेही डिकीत ठेवा. रात्री घाटात हे आठवून उपयोग नसतो. मापात फरक असेल तर ८० च्या आत चालवून जवळच्या दुकानात जा. स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, म्हणून तिची हवा मीटरवर दिसत नाही. कंपनीने स्टेपनी दिलीच नसेल तर तेही नियमात बसतं: ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या कारला ती सवलत आहे. अशा गाडीला अलॉय बदलताना सेन्सर काढून टाकू नका. सवलत ज्या तीन गोष्टींवर आहे, त्यातली एक तोच आहे.